नशेनं गाणी दिली नाहीत, तारखा खाल्ल्या: स्कॉट वायलंडवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

स्टोन टेंपल पायलट्सचा गायक स्कॉट वायलंड याच्यावरच्या लेखावर तुम्ही रागानं लिहिलंत, पण नीट वाचून लिहिलंत. नव्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. एका गर्दुल्ल्याचं कौतुक करून मी कॉलेज रोडवर असल्या बँडांचे टी-शर्ट घालून हिंडणाऱ्या पोरांना नशेशिवाय कला होत नाही असं सुचवतो, हा पहिला. पैसा, ग्रॅमी, बायको, दोन मुलं असूनही ज्याला सोडता आलं नाही त्याच्यात इच्छाशक्तीच नव्हती, त्याला आजारी म्हणणं ही पळवाट आहे, हा दुसरा. बँडनं त्याला काढलं ते योग्यच केलं, हा तिसरा. आणि पलुस्करांनी पंचवटीत आश्रम उभारला त्या नाशिकमध्ये कॅलिफोर्नियातल्या माणसाची ही कथा कशाला, हा चौथा. शेवटी लेख काढून टाकायला सांगितलंत.

पहिल्या मुद्द्यामागची काळजी खरी आहे, म्हणून त्यालाच सगळ्यात जास्त जागा देतो. नशेनं गाणी दिली का, हे मतानं ठरवायची गरज नाही, कॅलेंडर उघडलं की दिसतं.

'कोर' हा पहिला अल्बम २९ सप्टेंबर १९९२ ला आला. एकट्या अमेरिकेत तो ८० लाखांच्या प्रमाणपत्रापर्यंत गेला, आणि त्यातल्या 'प्लश'ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. वायलंडनं स्वतः सांगितल्याप्रमाणे हेरॉइनशी त्याची गाठ पडली ती अल्बम आल्यानंतर, १९९३ मधल्या दौऱ्यावर. दारू आणि इतर गोष्टी आधीपासून होत्या, ते लपवत नाही. पण ज्या अल्बमनं त्याला स्कॉट वायलंड केलं, तो हेरॉइनच्या आधीचा आहे.

दुसरा अल्बम 'पर्पल', जून १९९४. हा मात्र व्यसन लागल्यानंतरचा, आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर आला. नशेनं गाणी दिली हा युक्तिवाद टिकलाच तर इथे टिकेल, म्हणून हे रेकॉर्ड कसं बनलं ते बघू. या बँडमध्ये कामाची वाटणी होती. चाली, कॉर्ड आणि गाण्याचा सांगाडा बहुतेक वेळा बासवादक रॉबर्ट डिलिओ आणि त्याचा भाऊ, गिटारवादक डीन यांच्याकडून यायचा. वायलंड त्यावर गाण्याची धून आणि शब्द बसवायचा. अटलांटाच्या सदर्न ट्रॅक्स स्टुडिओत निर्माता ब्रेंडन ओब्रायन याच्या हाताखाली हे काम झपाट्यानं झालं, कारण सांगाडे तयार होते. अशा वाटणीत गायक डगमगत असला तरी एखाद-दोन अल्बम निभावून जातात. 'इंटरस्टेट लव्ह साँग' याच अल्बममधलं, अमेरिकेच्या रॉक यादीत सलग १५ आठवडे पहिलं राहिलेलं. त्यातले शब्द कशाबद्दल आहेत, हेही त्यानं सांगितलं आहे: रेकॉर्डिंगच्या काळात प्रेयसीचा फोन यायचा आणि तो ठीक असल्याचं खोटं सांगायचा. ज्या गाण्याला लोक नशेची देणगी समजतात, ते नशेपायी बोललेल्या खोट्याची कबुली आहे.

इथून पुढे तारखा गळायला लागतात. मे १९९५ मध्ये पॅसाडीना इथे हेरॉइन आणि कोकेन बाळगल्याबद्दल अटक. मार्च १९९६ मध्ये तिसरा अल्बम 'टायनी म्युझिक' आला, माझ्या मते त्यांचा सगळ्यात कल्पक अल्बम, आणि त्याच वर्षी दौऱ्यातले बरेचसे कार्यक्रम रद्द करून गायक उपचार केंद्रात. १९९७ मध्ये उरलेल्या तिघांनी दुसरा गायक घेऊन 'टॉक शो' नावानं अल्बम काढला, १९९८ मध्ये वायलंडनं एकट्याचा '१२ बार ब्लूज' काढला. दोन्ही फारसे खपले नाहीत. सप्टेंबर १९९९ मध्ये प्रोबेशन मोडल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली आणि ऑक्टोबरमध्ये 'नंबर फोर' बाजारात आला तेव्हा गायक तुरुंगात होता. अल्बमचे पहिले आठवडे म्हणजे रेडिओवरच्या मुलाखती, व्हिडिओचं चित्रीकरण, दौऱ्याची तिकीटविक्री. त्यातलं फारसं काही होऊ शकलं नाही. वर्षअखेरीस तो सुटला, आणि 'सावर गर्ल' पुढच्या वर्षी चाललं, तो कामावर परतल्यावर.

अमेरिकेतली प्रमाणपत्रं ओळीनं बघा: ८० लाख, ६० लाख, २० लाख, १० लाख आणि २००१ च्या 'शांग्री-ला डी डा'ला ५ लाख. ही सगळी घसरण व्यसनाच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही, त्या दशकाच्या उत्तरार्धात या प्रकारच्या रॉकची लाटच ओसरली होती. पण अल्बम हातात असून तो वाजवायला गायकच नाही, ही वेळ या बँडवर पुन्हा पुन्हा आली, आणि तिचा लाटेशी संबंध नव्हता.

आवाजाचंही सांगतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत 'नशेत आवाज खुलतो' असा लोकांचा समज असल्याचा उल्लेख आहे. आवाज खुलत नाही. कोकेननं नाका-घशाचं अस्तर कोरडं पडतं आणि बधिर होतं. गायकाला ताण जाणवत नाही, म्हणून तो जास्त जोर लावतो, आणि स्वरयंत्राला झालेली इजा दुसऱ्या दिवशी कळते. हेरॉइन आणि त्याच्या जातीची औषधं श्वास उथळ करतात, तोंड कोरडं पाडतात, उलट्या घडवतात, आणि उलटीतलं आम्ल स्वरतंतूंवर येतं. दारूनं स्वराचा अंदाज आणि लयीतली वेळ दोन्ही सरकतात. वायलंडचा मूळ आवाज खर्जाकडे झुकलेला, भारदस्त होता. 'कोर'मध्ये तो छातीतून येतो, 'टायनी म्युझिक'पर्यंत तो मुद्दाम पातळ आणि अनुनासिक केलेला आहे. हा बदल कलेचा निर्णय होता, आणि तो पेलायला श्वासावर ताबा लागतो. एप्रिल २०१५ मधली टेक्सासमधल्या कार्यक्रमाची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. त्यात त्याला स्वर सापडत नाही. त्याच्याकडून कारणं आली ती अशी: झोप नाही, पोटात दारू, आणि कानातला मॉनिटर, म्हणजे मंचावर स्वतःचा आवाज ऐकायचं यंत्र, बिघडलेला. मॉनिटर गेला तर शुद्धीतला गायक एक कान मोकळा करतो, ड्रमरकडे बघतो, सूर खाली घेतो. दारूच्या अमलाखाली नेमकी ही दुरुस्तीच जमत नाही.

आता टी-शर्टवाली पोरं. 'कोर' ज्या दिवशी आला त्याच दिवशी ॲलिस इन चेन्स या बँडचा 'डर्ट' आला. त्याचा गायक लेन स्टेली यानं व्यसनाची घाण त्या अल्बममध्ये इतकी उघडी केली की कुणी त्याकडे आकर्षित होईल असं त्याला वाटलंच नव्हतं. पुढे १९९६ मध्ये त्यानं मुलाखतीत सांगितलं की चाहते येऊन अंगठा उंचावतात, आपण नशेत असल्याचं कौतुकानं सांगतात, आणि नेमकं हेच होऊ नये अशी त्याची इच्छा होती. म्हणजे तुमची भीती त्याचीही होती. ३ जुलै १९९६ ला कॅन्सस सिटीत तो बँडबरोबर शेवटचा गायला. त्यानंतर १९९८ मधली दोन गाणी सोडली तर बँडबरोबर काही नाही. ५ एप्रिल २००२ ला हेरॉइन आणि कोकेन एकत्र घेतल्यानं तो गेला, आणि दोन आठवडे कुणाला कळलं नाही. वय ३४. नशेनं कला येते असं मानणाऱ्या मुलाला स्टेलीची १९९६ ते २००२ ही सहा वर्षं दाखवावीत. नशा भरपूर होती, घरी बसायला पैसा होता, वेळ होता. बँडबरोबरची नवी गाणी दोन.

वायलंडच्या मृत्यूनंतर त्याची आधीची पत्नी मेरी फोर्सबर्ग वायलंड हिनं डिसेंबर २०१५ मध्ये उघडं पत्र लिहून या शोकांतिकेचं उदात्तीकरण करू नका अशी विनंती केली होती. मुलांनी बाप त्या आधीच कितीतरी वर्षं गमावला होता, असा तिचा सूर होता. मूळ लेखात मी ते पत्र वापरलं, ते याच कारणानं.

दुसरा मुद्दा, इच्छाशक्ती. इथे मी तुमच्याशी पूर्ण असहमत आहे, आणि कारणं शरीरातली आहेत.

हेरॉइनचा शेवटचा डोस संपल्यावर ८ ते १२ तासांत टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यानं होणारा त्रास, सुरू होते: जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, मग जुलाब, पायांत गोळे, झोप नाही. ३६ ते ७२ तासांत ती शिखरावर जाते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते. हे असह्य असतं, तरी एरवी धडधाकट माणूस सहसा यातून जातो. म्हणूनच घरच्यांना वाटतं की दहा दिवस खोलीत ठेवलं, सुटला. पण खरा धोका अकराव्या दिवसापासून असतो. शरीराची सवय काही दिवसांत उतरते. आधी जो डोस पचत होता, तोच आता श्वास थांबवतो. तुरुंगातून सुटलेल्यांवरचा वॉशिंग्टन राज्यातला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेनं मरण्याचा धोका बाहेरच्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत १२९ पट होता. त्या लोकांची इच्छाशक्ती दोन आठवड्यांपुरती संपली होती असं कुणी म्हणणार नाही.

म्हणून नुसतं सोडवणं हा उपचार नाही, पुढे महिनोन् महिने औषध चालू ठेवणं हा उपचार आहे. अफूवर्गीय व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली देतात. ते टर्की सुरू झाल्यावरच द्यायचं असतं, साधारण १२ ते २४ तास वाट पाहून. घाईनं दिलं तर तेच औषध आधीच्या नशेला मेंदूतून ढकलून टर्की एकदम अंगावर आणतं आणि रुग्ण उपचारालाच घाबरतो. सुरुवात २ ते ४ मिलिग्रॅम, पुढे बहुतेकांना रोज ८ ते १६. 'एक नशा सोडून दुसरी लावली' म्हणून नातेवाईक ते तीन आठवड्यांत बंद करायला लावतात. नेहमीची चूक हीच, आणि माणूस पुन्हा स्लिप होतो. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के मानलं जातं, म्हणजे रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण पथ्य-औषध मोडतात त्याच्या आसपास. दम्याचा झटका पुन्हा आला तर आपण पंप वाढवतो, चारित्र्य काढत नाही.

वायलंडच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. २००१ मध्ये त्याला बायपोलर विकाराचं निदान झालं. असे दोन आजार एकत्र असले की एकाच वेळी दोन्हींवर उपचार लागतात. नुसती नशा थांबवली तर मनाची भरती-ओहोटी त्याला परत तिकडेच नेते, आणि नुसत्या मनाच्या गोळ्या दिल्या तर त्या दारूबरोबर घेतल्या जातात.

आणि तो गेला कशानं, हे तुमच्या प्रतिक्रियेत चुकलं आहे, तुम्ही हेरॉइन धरलंत. ३ डिसेंबर २०१५, मिनेसोटातलं ब्लूमिंग्टन, दौऱ्याची बस, वय ४८. वैद्यकीय तपासणीत मृत्यूचं कारण कोकेन, दारू आणि एमडीए (एक्स्टसीच्या जातीचा अमली पदार्थ) यांचा एकत्रित विषारी परिणाम असं नोंदलं गेलं. जोडीला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, दमा आणि अनेक पदार्थांवरचं अवलंबित्व. हेरॉइन त्या कारणांत नाही. कोकेन आणि दारू एकत्र आले की यकृतात कोकाएथिलीन तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ रक्तात राहतं आणि हृदयाला जास्त घातक आहे. हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद, त्यात त्या आणखी आकसतात आणि ठोके वाढतात. 'हेरॉइन तर सोडलं, थोडी दारू चालते' हे वाक्य आपल्याकडेही घराघरांत ऐकू येतं. त्याचा धोका इथे आहे.

इच्छाशक्तीबद्दलचा शेवटचा दाखला त्याच्याच शेजारी उभा होता. वायलंड पुढे ज्या दुसऱ्या बँडमध्ये गायला, त्या व्हेल्व्हेट रिव्हॉल्व्हरमधला बासवादक डफ मकेगन. १९९४ मध्ये तिशीत दारूनं त्याचं स्वादुपिंड फुटलं, तो मरता मरता वाचला, आणि थांबला. रोजचा कडक व्यायाम, मार्शल आर्ट्सचा गुरू, वर्षानुवर्षं तीच शिस्त. ॲलिस इन चेन्सचा जेरी कँट्रेल २००३ पासून नशामुक्त आहे आणि बँड आजही वाजवतो. या दोघांच्या मनाचा पोलाद वेगळ्या खाणीतला होता असं नाही. त्यांना थांबायला सलग वेळ आणि धरून ठेवणारी माणसं मिळाली.

यातूनच तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर येतं. बँडला त्याला काढायचा हक्क होता, यात वाद नाही. रद्द कार्यक्रमाचं नुकसान ध्वनितंत्रज्ञापासून बसचालकापर्यंत सगळे भोगतात. माझा आक्षेप क्रमाला आहे. २००८ च्या सुरुवातीला तो पुन्हा उपचार केंद्रात होता. एप्रिलमध्ये व्हेल्व्हेट रिव्हॉल्व्हरमधून बाहेर. मे महिन्यात स्टोन टेंपल पायलट्सच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्यावर. मधे श्वास घ्यायला काही आठवडे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथूनही काढलं गेलं, मग स्वतःचा बँड वाइल्डअबाउट्स, लहान सभागृहं, पुन्हा बस. मार्च २०१५ च्या अखेरीस 'ब्लास्टर' प्रसिद्ध व्हायच्या आदल्या दिवशी त्या बँडचा गिटारवादक जेरेमी ब्राऊन गेला. तरी दौरा झाला. रात्री उशिरा काम, पहाटेपर्यंत जागरण, प्रत्येक शहरात नवा ओळखीचा माणूस, मंचामागे फुकट दारू, औषध देणारा डॉक्टर हजारो किलोमीटर मागे. नुकत्या सुटलेल्या माणसासाठी याहून वाईट नोकरी शोधून सापडणार नाही, आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार तीच होती.

चौथा मुद्दा. पलुस्करांबद्दलचा आदर मलाही आहे, आणि एका लेखानं त्याला धक्का लागत नाही. पण 'हे अमेरिकेचं, आपलं नाही' हे मान्य नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला. तो नाशिक रोडपासून किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून नाशिकच्या घरांसाठी उपयोगाचं तेवढं इथे लिहितो.

एमडीसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं बदली औषध नाही. परिणाम दोन-तीन तासांत उतरतो म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. थांबल्यावरच्या पहिल्या आठवड्यात माणूस खूप झोपतो, खूप खातो आणि मनानं खोल खाली जातो. आत्महत्येचा विचार याच दिवसांत येतो. तेव्हा उपदेश नको, सोबत हवी आणि मानसोपचारतज्ज्ञ हवा.

दारूचं उलटं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम खोलीत कोंडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, ४८ ते ९६ तासांत भ्रम, ताप, थरथर अशी वाताची अवस्था येऊ शकते. यासाठी डॉक्टरच्या देखरेखीखालची औषधं लागतात. आणि गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावायच्या आधी थायमिनचं, म्हणजे बी-१ चं, इंजेक्शन दिलं का हे विचारा. थायमिन नसताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

अफूवर्गीय पदार्थानं बेशुद्ध, श्वास अगदी कमी, ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: १०८ ला फोन, कुशीवर वळवणं, आणि रुग्णालयात नॅलॉक्सोन हा उतारा. ०.४ मिलिग्रॅम, उत्तर नाही तर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटंच टिकतो, म्हणून जागा झाला की घरी नेऊ नका, परत श्वास मंदावतो. एमडी, कोकेन किंवा दारूवर नॅलॉक्सोन चालत नाही.

पोलिसांच्या भीतीनं लोक दडवतात. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा विकणाऱ्याला कडक आहे, पण त्यातलं कलम ६४-अ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या आणि स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाशी निगडित विकारांनाही लागू आहे. केंद्राची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि साखळीनं बांधायला बंदी आहे. जिथे मारहाण चालते, जिथे मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, जिथे घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथे माणूस ठेवू नका, जागा कितीही स्वस्त असो. सुरुवात त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून करता येते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. फोनवर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, मानसिक त्रासासाठी १४४१६.

लेख काढणार नाही, सर. हे दोन्ही क्रमांक आणि दारू एकदम बंद करण्याच्या धोक्याचा परिच्छेद मूळ लेखाच्या सुरुवातीला, फोटोच्याही आधी, आजच टाकतो आहे. तुम्ही शिक्षक होतात असं लिहिलंत. तुमच्या ओळखीच्या शाळा-महाविद्यालयांत हा भाग छापून लावायचा असेल तर माझ्या परवानगीची वाट पाहू नका, माझं नाव वगळून लावला तरी चालेल.